घरातल्या कुत्र्या-मांजरांना आयुर्वेदिक वनस्पती : काय द्यावं, काय अजिबात देऊ नये?

पाऊलवाट

आमचा बंड्या अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन 38 किलो. काही महिन्यांपासून उठताना त्याचे मागचे पाय चाचपडतात. जिन्याच्या पहिल्या पायरीशी येतो, थांबतो आणि माझ्याकडे बघतो. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांच्या सांध्यांत झीज दिसली. पशुवैद्यांनी मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक दिलं. पहिल्या चार दिवसांत तो चक्क शेपटी हलवत दारापर्यंत धावला. पण दोन आठवड्यांनी उलट्या सुरू झाल्या, खाणं सुटलं आणि औषध बंद करावं लागलं. तेव्हापासून मी वनस्पतींबद्दल मिळेल ते वाचते आहे, आणि जितकं वाचते तितकी गोंधळते.

जे हाती लागलं ते मांडते, चुकलं असेल तिथे सांगा.

सांधेदुखीसाठी सगळ्यात जास्त नाव दिसतं ते शल्लकीचं, म्हणजे सालईच्या झाडाच्या डिंकाचं. यावर कुत्र्यांमध्येच केलेला एक अभ्यास सापडला, 2004 साली स्वित्झर्लंडच्या पशुवैद्यकीय नियतकालिकात आलेला. सांध्यांचे आणि मणक्याचे जुने आजार असलेल्या 29 कुत्र्यांना दर 10 किलो वजनामागे रोज 400 मिलीग्रॅम डिंकाचा अर्क सहा आठवडे दिला होता. दोन आठवड्यांनंतर 24 पैकी 17 कुत्र्यांत सुधारणा दिसली. वाचून मला फार हुरूप आला. नंतर लक्षात आलं की त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आपल्या कुत्र्याला औषध चालू आहे हे माहीत असलेल्या मालकाला त्याची चाल बरी वाटू लागते, हे मी स्वतःवरून सांगते. तरीही माणसांच्या नाही, कुत्र्यांच्या सांध्यांवर कुणीतरी बघितलं आहे, याचं मोल मला वाटतं.

दुसरी हळद. हळकुंडात कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं औषधी द्रव्य, वजनाच्या साधारण तीनच टक्के असतं आणि त्यातलंही आतड्यातून रक्तात फार थोडं जातं. म्हणून लोक तूप आणि मिरी घालून लगदा करतात. मिरीतलं पिपरिन हे शोषण वाढवतं हे खरं. पण ते यकृताचा औषधं मोडण्याचा वेगही मंदावतं, म्हणजे बंड्याला पुन्हा कुठलं वेदनाशामक चालू झालं तर तेही शरीरात जास्त वेळ रेंगाळेल, असं मला समजलं. बरोबर आहे का?

तिसरी अश्वगंधा. म्हाताऱ्या कुत्र्याला ताकद येते असं सगळे म्हणतात. बंड्याच्या रक्तात थायरॉइड जरा कमी आहे, गोळी चालू आहे. अश्वगंधा थायरॉइडची पातळी वाढवू शकते असं वाचल्यावर डबा उघडलाच नाही.

आपल्याकडे जनावरांच्या वैद्यकाची परंपरा मोठी आहे, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. शालिहोत्राचं घोड्यांचं शास्त्र आहे. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद अंगदेशाचा राजा रोमपाद प्रश्न विचारतो आणि मुनी उत्तरं देतात अशा संवादात आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचं आणि जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्याचं कोरलेलं आहे. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण हत्तीसाठी लिहिलेला काढा मी बंड्याला कुठल्या हिशोबाने द्यायचा, हा माझा खरा प्रश्न आहे.

तुम्ही काय दिलंत, किती दिलंत, काय झालं, काय फसलं, सगळं लिहा. फसलेलं जरूर लिहा.

---

जनावरांचा_डॉक्टर

पाऊलवाट, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी पशुवैद्य आहे. रोज दहातले तीन-चार मालक "आम्ही घरी हे देतोय" असं शेवटी, दारातून बाहेर पडताना सांगतात. ते आधी सांगा, एवढीच माझी विनंती असते. कुठलाही शहाणा पशुवैद्य त्यावरून रागावणार नाही, आणि रागावला तरी सांगा.

मिरीबद्दल तुमचं बरोबर आहे. हळदीबद्दल आणखी दोन गोष्टी. मोठ्या प्रमाणात दिली तर रक्त गोठायला वेळ लागू शकतो, त्यामुळे शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद करा. आणि हळदीत ऑक्झलेट बरंच असतं. ज्या कुत्र्याला लघवीत कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे झाले आहेत त्याला ती औषध म्हणून रोज देऊ नये. पित्ताशयाची नळी तुंबलेली असेल तरी नको.

शल्लकीला माझा विरोध नाही, मी स्वतः सांगतो. पण तो 400 मिलीग्रॅमचा आकडा त्या अभ्यासातल्या विशिष्ट अर्काचा आहे. बाजारात मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये कधी नुसती डिंकाची भुकटी असते, कधी अर्क. बॉसवेलिक आम्लाचं, म्हणजे शल्लकीतल्या मुख्य द्रव्याचं, प्रमाण लिहिलेलं असेल तेवढंच घ्या. अंदाजे मात्रेच्या चौथ्या हिश्शाने सुरू करा, जेवणासोबत द्या, कारण हे द्रव्य स्निग्ध पदार्थाबरोबर जास्त शोषलं जातं. शौच पातळ झालं तर मात्रा उतरवा.

आता जे तुम्ही विचारलंच नाहीत ते. बंड्याचं वजन 38 किलो. नर लॅब्रॅडॉर साधारण 30 ते 36 किलोत बसतो. हाताने बरगड्या चाचपून बघा, सहज लागत नसतील तर चरबी आहे. सांध्यांची झीज असलेल्या लठ्ठ कुत्र्यांचं वजन सहा-सात टक्के उतरलं तरी लंगडणं कमी झालेलं मोजून दाखवलेलं आहे. बंड्यासाठी ते अडीच किलो झाले. आणि लॅब्रॅडॉरवरचाच एक मोठा अभ्यास आहे : 48 पिल्लं, जोड्या लावून, एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, जन्मभर. कमी खाणारी कुत्री सरासरीने जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखी उशिरा सुरू झाली. एवढं काम करणारी मुळी मला अजून भेटलेली नाही.

मेलोक्सिकॅमने उलट्या झाल्या म्हणून वेदनाशामकांचं दार कायमचं बंद झालं असं समजू नका. मात्रा, पोटाचं संरक्षण, दुसरं औषध, सगळ्यावर बोलता येतं. त्याआधी मूत्रपिंड आणि यकृत तपासायला हवं. कुत्रा दुखणं लपवतो. वनस्पतीने भागतंय असं वाटून त्याला दुखत ठेवू नका.

---

मनीची_आई

कुत्र्यांचं चाललंय, पण मांजरवाल्यांनी इथे थोडं थांबावं म्हणून लिहिते.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नाही. त्याच्या यकृतात काही द्रव्यं निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची जी क्रिया असते, ग्लुकुरोनिडेशन, ती फार दुबळी असते. म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आणि म्हणूनच उग्र वासाची तेलं, लवंगेचं, निलगिरीचं, ओव्याच्या सत्त्वाचं, ही मांजराच्या अंगाला लावायची नाहीत. मांजर अंग चाटतं, म्हणजे अंगाला लावलेलं पोटात जातं.

माझी चूक सांगते. मनीच्या कानामागे पिसवा दिसल्या. कुणीतरी सांगितलं, खोबरेल तेलात कापूर विरघळवून लाव. मी लावलं. दोन तासांत ती थरथरायला लागली, तोंडातून लाळ, चालताना झोक जाऊ लागले. दवाखान्यात नेईपर्यंत एकदा झटका येऊन गेला. साबणाने धुऊन काढलं, सलाईन, दोन दिवस मुक्काम. वाचली. कापूर त्वचेतूनही शोषला जातो आणि थेट मेंदूवर परिणाम करतो, हे मला त्या दिवशी कळलं. कडुनिंबाच्या तेलाचंही तेच, मांजरांना त्याने बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. "नैसर्गिक आहे, चाटलं तरी चालेल" या वाक्यावर मी पुन्हा कधीच विश्वास ठेवणार नाही.

आणखी एक. कडू चूर्ण मांजराच्या खाण्यात मिसळू नका. ते खाणंच सोडतं. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साठून यकृत निकामी होऊ लागतं. म्हणजे ज्या आजारासाठी औषध दिलं त्यापेक्षा मोठा आजार आपण घरी आणतो.

---

बोरकाटी

मनीची_आई, तुमचा प्रतिसाद वाचून धीर आला, म्हणून मीही लिहितो. तीन वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या राणीला गोचीड ताप झाला. तेव्हा नाव माहीत नव्हतं. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या. एका ओळखीच्या माणसाने प्लेटलेट वाढायला पपईच्या पानांचा रस सांगितला. माणसांना डेंग्यूत देतात, म्हणून मलाही पटलं. पाच दिवस रोज दोन वेळा रस पाजला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी तरतरी वाटली, आणि मी निवांत झालो. सहाव्या दिवशी नाकातून रक्त आलं. रक्त तपासलं तेव्हा एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून येणारा जंतू, निघाला. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं, रक्त चढवलं. नवव्या दिवशी राणी गेली.

पपईच्या पानांनी तिला मारलं असं मी म्हणत नाही. पण जंतू पेशींत बसलेले होते आणि मी आकड्यामागे लागलो होतो. ते पाच दिवस मला परत हवे आहेत.

गोचीड दिसली, दोन दिवसांनी कुत्रं मलूल झालं, तर दुसरं काही करायच्या आधी रक्त तपासा. रस, काढा, जे काय द्यायचं ते त्यानंतर.

---

जनावरांचा_डॉक्टर

बोरकाटी, हे लिहायला किती जड गेलं असेल ते कळतं. तुम्ही आळस केला नाहीत, पाच दिवस दोन-दोन वेळा तिला हाताने पाजलंत. तिने ते ओळखलं असणार.

वाचणाऱ्यांसाठी जोडतो. एर्लिकियाचा उपचार साधारण चार आठवडे चालतो आणि लवकर सुरू झाला तर बहुतेक कुत्री सावरतात. मधेच बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. हिरड्या बघायची सवय लावा. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात, बोटाने दाबून सोडल्या तर दोन सेकंदांत रंग परत येतो. शरीराचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट नेहमीचं. त्याहून वर गेलं तर ताप.

कडुनिंब, करंज यांच्या तेलाने गोचिडी काही काळ दूर राहतात. पण मादी गोचीड अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत हजारोंनी अंडी घालते, ते तेल तिथे पोचत नाही. जिथे गोचीड ताप आहे तिथे नुसत्या तेलावर भिस्त ठेवू नका. सीताफळाच्या बियांची पूड कुणी सांगितली तर नाही म्हणा. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.

---

सालई

डॉक्टर, तुमचं सगळं पटतं, पण थोडं बोलतो. आमच्या घरात तीन पिढ्या गाईगुरांना झाडपाल्याचं औषध दिलं गेलं. कासेला दगडी झाली, म्हणजे कास सुजून कडक झाली, की कोरफड, हळद आणि चुना वाटून लावत. ते काम करायचं. आज शिकलेली माणसं सगळ्याला अंधश्रद्धा म्हणतात, ते टोचतं. वाचून वाईट अनुभवच पुढे येतात, चांगले कुणी लिहीत नाही.

---

जनावरांचा_डॉक्टर

सालई, मी अंधश्रद्धा म्हणत नाही आणि म्हणू देणारही नाही. तुम्ही म्हणता तो लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने दगडीवर रीतसर शिकवला आहे : कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम. लावण्याआधी दूध पूर्ण काढायचं, कास धुवायची, लेप दिवसातून अनेक वेळा पातळ करून लावायचा. बघा, तुमच्या घरात काय होतं? गाय, वजन, मात्रा, वेळा, पाहिलेला परिणाम. तीन पिढ्यांनी ते तपासून घेतलं होतं. ते ज्ञान आहे.

पण तोच लेप कुत्रीच्या सडांना लावा. ती चाटणार, पिल्लं चोखणार, चुना तोंडात जाणार. आणि कोरफडीचं पिवळं चिकट दूध पोटात गेलं तर जुलाब. गाय मान वळवून कास चाटत बसत नाही. वनस्पती बदललेली नाही, जनावर बदललं. मी एवढंच म्हणतो.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात पाला आधी कोटीच्या कोटी जंतूंतून जातो, काही विषं तिथेच मोडतात. कुत्र्या-मांजरांना ती सोय नाही.

---

सालई

हे कुणी कधी असं समजावलं नव्हतं. आभारी आहे. मग एक चांगला अनुभव लिहितो. आमच्या मांजरीला वरचेवर बद्धकोष्ठ व्हायचं. पशुवैद्यांनीच इसबगोल सांगितलं. पाव चमचा, भरपूर पाण्यात भिजवून, ओल्या खाण्यात मुरवून. आठ दिवसांत फरक पडला. दोन वर्षं चालू आहे. तिला चवही कळत नाही.

---

अंगणातली_टिटवी

इसबगोलवरून आठवलं, आणि बोक्यांच्या पालकांनी हे नक्की वाचा. आमचा बोका त्याच्या शी-शूच्या पेटीत जाऊन बसायचा, कुंथायचा, काही होत नव्हतं, पुन्हा जायचा. आम्हाला वाटलं बद्धकोष्ठ. त्रिफळा दिला, इसबगोल दिलं, एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी उलटी झाली आणि तो कोपऱ्यात आडवा पडला. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि लगेच आत घेतलं. लघवी अडकली होती, मूत्राशय दगडासारखं टणक. नळी घालून मोकळं केलं. रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदयाचे ठोके मंदावले होते.

बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, खडा किंवा चिकट गोळा अडकला की 24 ते 48 तासांत जीव जाऊ शकतो. पुनर्नवा, गोखरू देऊन लघवी सुटेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वाट बंद असताना लघवी वाढवणारं काहीही देणं म्हणजे फुगलेल्या पिशवीत आणखी पाणी ओतणं. बोका पेटीत बसून कुंथतोय आणि पेटी कोरडी आहे, तर रात्र असली तरी निघा.

---

अबोली_न

सगळं वाचते आहे, खूप शिकायला मिळतंय. माझा प्रश्न : आमच्या कुत्रीच्या यकृताचे आकडे वाढलेत. घरी सगळे गुळवेल घेतात, तिलाही देऊ का? आणि च्यवनप्राश, द्राक्षासव वगैरे?

---

पाऊलवाट

अबोली, गुळवेलीबद्दल मी वाचलंय. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा माणसांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर बराच वाद झाला, दिसायला तशीच दुसरी वेल घेतली गेली असावी असंही म्हटलं गेलं. पण ज्या कुत्रीचं यकृत आधीच त्रासात आहे तिच्यावर हा वाद आपण का सोडवायचा? आकडे का वाढलेत ते आधी शोधा, असं माझं मत. बाकी डॉक्टर सांगतील.

---

जनावरांचा_डॉक्टर

पाऊलवाटने सांगितलं ते योग्य. यकृताचे आकडे वाढायला कारणं पुष्कळ : पित्ताचा अडथळा, लेप्टोस्पायरा, कुशिंगचा आजार, चालू असलेली औषधं. भुईआवळी, कुटकी चांगल्या आहेत, पण कारण कळल्याशिवाय त्या दिल्या तर आकडे थोडे उतरतील आणि आजार मागे वाढत राहील.

आता आसवं आणि अरिष्टं. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. द्राक्षासव, कुमारीआसव, अभयारिष्ट, अशोकारिष्ट, ही आंबवून तयार होतात आणि त्यांत आपसूक बनलेलं मद्य असतं, साधारण पाच ते दहा टक्के. कुत्र्या-मांजरांना मद्य सोसत नाही. शिवाय द्राक्षासवात द्राक्षं, आणि द्राक्षं-मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. किती मनुकांनी होईल याचा हिशोबच लागत नाही, एखाद्याला थोड्यानेही होतं. म्हणून एकही नको. च्यवनप्राशात साखर, आणि बिनसाखरेचा असेल तर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) आहे का ते वाचा. किलोमागे 0.1 ग्रॅम झायलिटॉलनेही कुत्र्याची रक्तशर्करा कोसळते, त्याहून जास्त गेलं तर यकृत जातं.

लसूण जंत मारतो म्हणून पाजणारे अजून भेटतात. कांदा-लसणाने तांबड्या रक्तपेशी फुटतात. मांजरात किलोमागे 5 ग्रॅम कांदाही पुरतो. जंतांसाठी वजनावर दिलेली एक गोळी पुरे आहे, आणि ती स्वस्त आहे.

ज्येष्ठमध. घसा, खोकला म्हणून लोक देतात. हृदयाचा आजार असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला खोकला येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ज्येष्ठमध शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, चालू असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून उतरतं.

आणि पाऊलवाट, तुमच्यासाठी खास. सांध्यांसाठी कुणी ना कुणी गुग्गुळाच्या गोळ्या सांगणारच. योगराज आणि महायोगराज या नावांत एका शब्दाचा फरक आहे, पण महायोगराजात भस्मं असतात, त्यांत नागभस्म म्हणजे शिसं आणि रससिंदूर म्हणजे पारा. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी 2008 साली प्रसिद्ध झाली, त्यांतल्या पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. बंड्याच्या वजनाला आणि मूत्रपिंडांना ते नको. बिब्बा, बचनाग, कुचला असलेलं काहीही नको, शुद्ध केलेलं म्हणून सांगितलं तरी.

---

अबोली_न

म्हणजे डबा घेऊन यायचं आणि लेबल वाचून दाखवायचं. उद्याच तिला घेऊन जाते.

---

पाऊलवाट (नऊ आठवड्यांनी)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं, माफ करा.

रक्ततपासणीत बंड्याची मूत्रपिंडं वयाच्या मानाने ठीक निघाली. डॉक्टरांशी बोलून दुसरं वेदनाशामक कमी मात्रेत सुरू केलं. पोटाला त्रास नाही. त्याबरोबर माशाच्या तेलातलं ओमेगा-3, आणि शल्लकीचा प्रमाणित अर्क, पहिले दहा दिवस चौथा हिस्सा, मग हळूहळू वाढवत. हळद दिलेली नाही, कारण वेदनाशामक चालू आहे. अश्वगंधा नाही.

खाणं मापून देते. वजन 38 वरून 35.8 झालं. ही सगळ्यात अवघड गोष्ट होती, कारण तो वाडग्याकडे आणि मग माझ्याकडे बघतो. फरशीवर पाय घसरतात म्हणून त्याच्या वाटेवर जाड चटया अंथरल्या.

मी पहिल्या दिवसापासून एका वहीत चार गोष्टी लिहिते : किती वेळात उठला, किती पावलं चालला, खाल्लं का, शौच कसं. आणि दर रविवारी एकाच जागेवरून त्याच्या चालण्याचा व्हिडिओ. डॉक्टरांना दाखवल्यावर ते म्हणाले, तिसऱ्या आणि सहाव्या व्हिडिओत फरक आहे. तो शल्लकीमुळे की वजनामुळे की गोळीमुळे, ते सांगता येत नाही, कारण मी सगळं एकदम सुरू केलं. पुढे एक-एक गोष्ट चार आठवडे बंद करून बघायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. आधी शल्लकी.

परवा तो पहिल्या पायरीशी थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि तीन पायऱ्या स्वतः चढला. मग बसला. मी वर जाऊन बसले त्याच्या शेजारी.

---

बोरकाटी

पाऊलवाट, वही लिहिता हे फार आवडलं. आमच्याकडे गेल्या महिन्यात एक पिल्लू आलंय, रस्त्यावरचं, गोचिडींनी भरलेलं. आल्या दिवशीच रक्त तपासलं. वही आजपासून सुरू करतो.

---

मनीची_आई

बोरकाटी, पिल्लाचं नाव काय ठेवलंत?

---

बोरकाटी

अजून ठेवलं नाही. राणीच्या जागेवर झोपतं. हिरड्या गुलाबी आहेत.